परिचारिकेची वेलांटी

मंगळवार, दिवेलागण

दवाखान्यांच्या ज्या मेसेजिंग सर्व्हरसाठी मी महिनाभर खपलो, त्यावरून जिल्हाभर पहिला संदेश गेला तो गुलाबाच्या फुलाचा, खाली 'शुभ सकाळ'. धर्मग्लानी याहून वेगळी काय असते?

असो. आज विजय झाला! दोन दिवस मोलगीच्या दवाखान्यातल्या सुमन सिस्टर त्याच सर्व्हरवरून नंदुरबारच्या डॉक्टरांच्या व्हिडिओ बैठकीत येऊ शकत नव्हत्या आणि मी टॉवरला दोष देत होतो. आज सकाळी सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. टॉवर निर्दोष! मी हौसेनं त्यांच्या लॉगिन खात्याचं नाव 'परिचारिका' ठेवलेलं, आणि त्या लिहीत होत्या 'परीचारीका'. नाव फोनवर मीच सांगितलं होतं. फोनवर वेलांटी ऐकू येते का?

केबल ओढणारे वसंतअप्पा शेजारी हसत होते. "शास्त्रीबोवा, टावर बराबर शे. तुमनी वेलांटी आडी उनी!" खरंच, माझीच वेलांटी आडवी आली होती.

व्याकरणाची क्षमा मागून नुसतं 'नर्स' केलं. वेलांटीच नाही, कटकट नाही. पाच मिनिटांत सिस्टर पडद्यावर, आणि कडेवर धाप लागलेलं बाळ. डॉक्टरांनी पडद्यावरूनच त्याचे श्वास मोजले. "थांबू नका, गाडी काढा, खाली आणा." मघाशी निरोप आला, बाळ नंदुरबारला पोचलं, दूधही प्यायलं. अप्पांनी अख्ख्या ऑफिसला चहा पाजला, आणि मी तो विजेत्याच्या थाटात प्यायलो.

पण ती वेलांटी. परवापासून सिस्टरांचे नाकारलेले प्रयत्न नोंदींत ओळीनं होते, आणि मी बघितलेच नाहीत. हे बाळ काल आलं असतं तर? मला त्याचीच भीती वाटतेय.