मूठभर चटणी

शुक्रवार, माहूज

नवऱ्याचे, मिलिंदचे, इटालियन साहेब आज दुपारी जेवायला आले, घरच्या मळ्यातली रेड वाइन घेऊन. लेबलवर त्यांच्या आजोबांच्या घराचं चित्र.

"बाईसाहेब, कोल्हापुरी हात आवरा. तिखटानं वाइन कडू लागते म्हणे," मिलिंदनं सकाळीच बजावलं होतं.

त्याचं इथलं, आखातातलं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. मला परत कोल्हापूरला जायचंय. वाटलं, घालावी मटणात मूठभर तिखट चटणी, बिघडू दे सगळं. पण खोबरं भाजलं, मटण मंद आचेवर मऊ शिजवलं.

साहेब खूश. "या वाइनला हेच जेवण हवं! आणखी दोन वर्षं थांबा."

"इंशाल्ला!" मिलिंद लगेच. माझ्याकडे न बघता.

का नाही घातली चटणी? लेबलवरच्या घरी साहेब पुढच्या महिन्यात जातील, मी मात्र इथंच. माझ्या हातून जेवण बिघडवणं होणार नाही, हे मिलिंदला पक्कं माहीत होतं.