शेवटची ओळ उद्या

सोमवार, ७ सप्टेंबर

हिला आजही घरी सोडलं नाही. डॉक्टर नुसतं "बघू" म्हणतात.

संध्याकाळी खाटेजवळ बसून बायबलातलं रक्षणाचं स्तोत्र म्हटलं. घरी म्हणतो तसंच — एक ओळ माझी, एक हिची, शेवटची कायम हिची. मी चाल लावली, शाळेच्या स्पर्धेत कविता म्हणायचो तीच. डोळ्यातल्या बाहुलीसारखं जप, पंखांच्या सावलीत लपव — काय ओळ आहे! कोंबडीच्या पोटाखाली शिरणारी पिल्लंच दिसतात मला.

ही म्हणाली, "अहो, बक्षीस समारंभ नाही हा. मागायचंय आपल्याला."

मंगळवार, ८ सप्टेंबर

शेवटच्या ओळीआधी हिला थांबवलं. जाग येईल तेव्हा तुझं मुख पाहून तृप्त होईन — ती जाग कुठली, ते आज एकाएकी कळलं. इतकी वर्षं मला तिथे नुसती सकाळ दिसायची. दव, पाखरं, कोवळं ऊन.

म्हटलं, "उरलेलं उद्या."

"देवालाही ताटकळत ठेवणार?"

"असू दे. अर्ध्यावर टाकून कुणी उठत नाही."

हसली. हसता हसता खोकला लागला.

गुरुवार, १० सप्टेंबर

पुन्हा थांबवलं. वेडेपणा आहे, कळतं. पण ती ओळ बाकी आहे तोवर हिला जाता येणार नाही, असं मनानं घेतलंय. ही निमूट डोळे मिटते.

शनिवार, १२ सप्टेंबर

हिला बोलवत नाही. हिच्या ओळीही मीच म्हटल्या, एक सोडून. मग राहवलं नाही. म्हटलं, "सांभाळ सांभाळ म्हणतो रोज, आणि हे काय चाललंय?"

कशीबशी म्हणाली, "पंखाखालीसुद्धा पाऊस लागतोच की. एकटं नसतं, एवढंच."

सोमवार, १४ सप्टेंबर

पहाटे गेली. मी घरी झोपलो होतो.

बुधवार, १६ सप्टेंबर

तिचा चष्मा आणि शाल आणायला वॉर्डात गेलो. सिस्टर म्हणाली, "आजोबा, तुम्ही गेलात की आजी रोज एक ओळ म्हणायच्या, मगच झोपायच्या. रविवारीही ओठ हलत होते. 'यांना सांगू नकोस गं, घाबरट आहेत' म्हणायच्या."

संध्याकाळी सगळं स्तोत्र एकट्यानं म्हटलं. शेवटच्या ओळीसकट. चाल लावता आली नाही.