गादीवाल्यांना मिळालेला जहाजाचा नांगर

ती. मावशीस,

बसल्या जागेवरून साष्टांग नमस्कार. (उठलो की साहेब "कुठे निघालास?" म्हणतात, म्हणून बसूनच.) तुझे गुडघे कसे आहेत? काकांचं घोरणं आणि त्यावरून तुमचं भांडण, दोन्ही सुरळीत चालू असेल असं धरून चालतो.

चिमीला व्हायचंय जनावरांची डॉक्टर, तुला तिला करायचंय माझ्यासारखी कंपन्यांची वकील, शुक्रवारी प्रवेश घ्यायचाय आणि लेकीला चार शब्द मी सुनावायचेत, असा तुझा हुकूम. तर सुनावतो. पहिलं म्हणजे, तू शेजारणींना सांगतेस तसा मी कोर्ट गाजवत नाही. कोर्ट मी आतून एकदाच पाहिलं, तेही पावसात आडोसा म्हणून. मी करार लिहितो. लिहितो म्हणजे जुना करार काढतो आणि त्यातली नावं बदलतो. (नवीन काही लिहिलं की साहेब घाबरतात, जुन्यावर निदान कुणीतरी सही केलेली असते.)

मध्यंतरी गाद्यांची एक कंपनी उशांची कंपनी विकत घेत होती. मी जहाजांच्या खरेदीचा जुना करार घेतला, नावं बदलली, आणि एक कलम तसंच राहिलं: विकणाऱ्याने जहाजाचा नांगर सुस्थितीत सोपवावा. उशांच्या कारखान्यात नांगर कुठला, हे समोरच्या वकीलबाईंच्या मनात आलंच असणार. पण विचारलं तर आपल्याला कळलं नाही असं दिसेल (आमच्यात याहून मोठी बेअब्रू नाही), म्हणून त्या कडाडल्या, "नांगर एकच देऊ, आणि गंजाची जबाबदारी आमची नाही!" करार न वाचलेले आमचे साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले, "गंज आम्ही मुळीच खपवून घेणार नाही!" दिवसभर गंजावर खल झाला. मी हळूच म्हटलं, "साहेब, तो नांगर चुकून..." तर म्हणाले, "गप रे! आता माघार घेतली तर उशाही हातच्या जातील." शेवटी उशीवाल्यांनी कुठूनसा नांगर विकत आणला, गादीवाल्यांनी तो ठोकूनठाकून तपासून घेतला आणि सगळ्यांनी त्याच्याभोवती उभं राहून हसत फोटो काढले. आता तो गादीवाल्यांच्या दारात पडलाय, येणारा-जाणारा ठेचकाळतो. मला मात्र बारकाव्यांची जाण असल्याबद्दल शाबासकी मिळाली.

तेव्हा चिमीला सांग, इथे हुशारी लागते, पण ती प्रश्न गिळण्याची. गाईला काय दुखतंय ते कळलं नाही, तर तिचा डॉक्टर निदान गाईकडे बघतो. आम्ही आधी गाईची व्याख्या करतो. रविवार आम्हालाही असतो, पण तो पक्षकाराच्या मालकीचा. शिवाय ही भाषा अंगात मुरते. परवा आईने फोनवर "जेवलास का?" विचारलं, तर मी म्हणालो, "माझ्या माहितीप्रमाणे, होय." ती बिचारी अजून काळजीत आहे.

माझं ऐक, पोरीला गुरांकडे जाऊ दे.

तुझा,
(हयात आणि शुद्धीवर असलेला) भाचा

ता. क. सवयीने हे पत्रही साहेबांकडे तपासायला गेलं. वाटलं, नोकरी गेली. त्यांनी एक शब्द खोडला नाही. दार लावून घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "त्या जनावरांच्या कॉलेजात वयाची अट असते का रे?"

ता. क. दुसरा: ते तेवढं चिमीला विचारून तातडीने कळव. साहेब गेले तर त्यांची खिडकीवाली खोली मला मिळेल. आणि एवढं सांगूनही चिमी वकिलीलाच निघाली, तर माझ्या ऑफिसात मात्र पाठवू नकोस. खिडकी एकच आहे.