मोठ्या गळ्याचा कार्बोरेटर

बाबा, तो मोठ्या गळ्याचा कार्बोरेटर अजून आहे. चाळ रिकामी करायची म्हणून काल पोटमाळा आवरायला घेतला, तर पितळी भांड्यांच्या मागे सापडला. मिलमधल्या सुताच्या चिंध्यांत गुंडाळलेला, सुतळीला तुमच्या हातची गाठ. भंगाराच्या ढिगात मी तो दोनदा ठेवला आणि दोनदा उचलला. असली चलबिचल मी माझ्या विद्यार्थिनींची कधी खपवून घेतली नाही. म्हणून शेवटी वही घेऊन बसले आहे.

गिरण्यांच्या संपाचं दुसरं वर्ष होतं. तुम्ही मिलमधले फिटर, शेजारचे काका साचेखात्यातले विणकर. काकांच्या मेव्हण्याचा जुनाट, पेट्रोलवरचा ट्रक तुम्ही दोघांनी चालवायला घेतला होता. कुलाब्याच्या बंदरावर बर्फातली मासळी भरायची आणि दादरच्या बाजारात वेळेत पोचवायची. काका चालवायचे, इंजिन तुमच्या ताब्यात. दोन्ही घरं त्यावरच जेवत होती. हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा ट्रकचा मूळचा कार्बोरेटर झिजून गेला, तेव्हा तसाच दुसरा मिळेना. जुन्या भागांच्या बाजारातून तुम्ही दोन आणलेत, नको असेल तो परत करायच्या बोलीवर. एकाचा गळा अरुंद, दुसऱ्याचा रुंद. स्वयंपाकाच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून तुम्ही ते मांडलेत आणि आई करवादली, "भाकरेक पेट्रोलाचो वास मारतलो, मगे खावा तोच!" तुम्ही अरुंद गळ्याचा कार्बोरेटर हातात घेऊन फिरवून फिरवून बघत होतात. काका दारातच उभे. "फिटर, ट्रक केवढा, नि हा केवढा! हत्तीला चमच्यानं पाणी पाजतोयस काय रे?" तुम्ही हसला नाहीत. माझ्याकडे वळलात. "बाय, तुझा गणित काय म्हणता?"

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, पदार्थविज्ञान घेऊन. चाळीतली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. ट्रकच्या फाटक्या पुस्तिकेतून सिलिंडरची मापं घेतली, इंजिनचे मिनिटाचे जास्तीत जास्त फेरे घेतले, मिनिटाला किती हवा लागेल ते काढलं. दहा मिनिटांत सांगितलं, "मोठा." तुम्ही हळूच विचारलंत, "पण ह्यो ट्रक एवढे फेरे कधी मारतलो? लालबागच्या गर्दीत?" मी म्हटलं, "बाबा, हे शास्त्र आहे. अंदाज नव्हे." तुम्ही अरुंद कार्बोरेटर खाली ठेवलात. तो ठेवल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो.

तिसऱ्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती. माझं गणित कसं धावतं ते बघायला मी केबिनमध्ये तुम्हा दोघांच्या मधे बसले आहे. हिंदमातापर्यंत ट्रक बरा आला. दादरच्या पुलाच्या चढावर काकांनी पाय दाबला आणि इंजिन घशात काही अडकल्यासारखं दोनदा खोकलं, आणि बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. मागून भोंगे वाजताहेत, बर्फाचं पाणी पुलावरून वाहतंय. मागे मासळीच्या पाट्यांवर बसलेली कोळीण ओरडते, "आरं ए फिटर, गाडी चालू करतोस, का हितंच मांडू बाजार?" रस्त्यावरचे लोक हसले. ट्रक ढकलत उतारावर नेईपर्यंत बाजार उलगला होता आणि मासळी मऊ पडली होती.

त्या संध्याकाळी काका गॅलरीत, सगळी बिऱ्हाडं ऐकतील अशा आवाजात म्हणाले, "मिलमधला फिटर तो. त्याला मोटारीतलं काय कळणार?" तुम्ही एवढंच म्हणालात, "चूक माझी. माप माका कळाक नाय." मी दारात उभी होते. तिथूनच आत वळले.

दुसऱ्या दिवशी अरुंद कार्बोरेटर बसवून तुम्ही घरी आलात. ट्रक पूल विनासायास चढला होता. रॉकेल मिळेना म्हणून आई तेव्हा शेगडीवर रांधायची. तुम्ही फुंकणी उचललीत आणि फुंकलंत. निखारा लाल झाला. मग नळाचा एक रुंद तोंडाचा तुकडा घेऊन त्यातून फुंकलंत. राख नुसती हलली. "तीच छाती, तोच वारो. गळो अरुंद, म्हणून जोर. त्या जोरानंच पेट्रोल खेचला जाता." आणि माझ्याकडे न बघता, निखाऱ्याशीच बोलावं तसं, "इंजिन एका फेऱ्यात श्वास घेता, दुसऱ्या फेऱ्यात सोडता."

मी म्हटलं, "मला माहीत आहे."

"असतलाच. कॉलेजात जातस," म्हणून तुम्ही हात धुवायला मोरीत गेलात. मी वही उघडली. प्रत्येक फेऱ्याला इंजिन हवा घेतं असं मी धरलं होतं. आकडा निम्मा केला. अरुंद गळ्याला तो बरोबर बसत होता. तुमच्या नळाचं पाणी बंद व्हायच्या आत मी ते पान फाडून शेगडीत घातलं.

महिन्याभरात काकांनी दुसरा मिस्त्री आणला. ज्या हातांना मिलमधली यंत्रं ओळखत होती, ते पुढं एका गोदामाच्या फाटकाचं कुलूप लावत-उघडत राहिले. मी तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. इंजिनचा पाठ आला की मुलींना विचारायची, हवा कितव्या फेऱ्याला आत येते? एखादी खाली बघून "मला माहीत आहे" म्हणाली, की मी तिला फळ्यापाशी बोलवायची. "मग सोडवून दाखव." वर्गात माझा धाक होता. का होता, ते त्या मुलींना कळायचं कारण नव्हतं.

परत करायच्या बोलीवर आणलेला हा कार्बोरेटर तुम्ही दुकानात का नेला नाहीत, ते मी कधी विचारलं नाही. दुकानदारानं विचारलं असतं, माप कोणी काढलं? कदाचित एवढंच कारण असेल. सुतळीची गाठ मी सोडलेली नाही. भंगारवाला येऊन गेला, त्याला तो दिला नाही. हे पान वहीतच राहील. या वेळी फाडणार नाही.

बाबा, मला माहीत नव्हतं.