आजींच्या जबानीत माझा वस्तरा

तीर्थरूप मामांच्या चरणी,

दोन्ही हात जोडून आणि (खुर्चीत बसून लिहीत असल्यामुळे) मनातल्या मनात वाकून नमस्कार. आपले गुडघे आता काय म्हणतात? मामींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून बरं वाटलं. आता त्यांना तुम्ही स्पष्ट दिसू लागला असाल, तेव्हा जपून राहा. इकडे मी आणि तुमची भाचेसून खुशाल आहोत. ती इथली भाषा माझ्यापेक्षा फर्डी बोलते, कारण तिला शेजारणीशी भांडावं लागतं. मला सलूनमध्ये ‘मान खाली’ आणि ‘मान वर’ एवढ्यावर दिवस काढता येतो.

राहण्याचा परवाना वाढवून मिळाला का, असं तुम्ही विचारलंत. मामा, याचं उत्तर हो की नाही, हे माझं मलाच नीट कळलेलं नाही. म्हणून जे घडलं ते जसंच्या तसं सांगतो. तुम्ही हेडमास्तर होतात, तुम्हाला काही अर्थ लागला तर कळवा.

झालं असं, की परवान्याच्या कचेरीतून बोलावणं आलं. भाचेसून कामावर होती, म्हणून मी ते एकट्यानेच वाचलं. तारीख समजली, कचेरी समजली, आणि मधलं जे समजलं नाही ते परवान्याबद्दलच असणार असं मी धरून चाललो. (माणूस न समजलेल्या जागी नेहमी स्वतःच्या सोयीचंच भरतो.) लग्नातला कोट घातला, टाय बांधला, मिशी कोरली आणि गेलो. तिथे एका लहानशा खोलीत टेबलामागे चष्मेवाली बाई बसली होती आणि अलीकडे दोन खुर्च्या. एका खुर्चीत डोक्याला काळा रुमाल बांधलेल्या एक आजी, मांडीवर पिशवी घट्ट धरून. मला वाटलं, सरकारने माझ्या सोयीसाठी दुभाषी ठेवली आहे. वय झालेलं, तोंडावर अनुभव. मनात म्हटलं, चला, आपलीच कोणीतरी दिसते. मी त्यांना आपल्या भाषेत नमस्कार केला. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून त्यांच्या भाषेत काहीतरी लांबलचक सांगितलं. एक अक्षर कळलं नाही. पण वडीलधारं माणूस बोलतंय, तेव्हा मी आपला ‘हो हो, हो हो’ म्हणून मान डोलावत राहिलो.

मग बाईंनी प्रश्न सुरू केले. मी प्रत्येक वेळी आधी आजींकडे वळून ‘काय सांगू, आजी?’ असं विचारायचो, त्या डोळे पुसत खूप बोलायच्या, मी ‘हो हो’ म्हणायचो आणि मग बाईंना माझं उत्तर द्यायचो. बाई खुशीत भराभर टाइप करत होत्या. मलाही वाटलं, आपली भाषा बरीच सुधारलेली दिसते.

बाईंनी विचारलं, गाव का सोडलं? मी खरं ते सांगितलं: समोरच थोरल्या भावाने दुकान थाटलं आणि धंदा बसला. तिथे कुणाची भीती होती का? मी म्हटलं, सासऱ्यांची, थोडीफार. बाईंनी भुवया वर केल्या, पण लिहिलं. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, कधी हत्यार हातात घेतलं होतं का? आता, मामा, आपल्या धंद्यात कैची-वस्तऱ्याला आपण हत्यारंच म्हणतो ना? मी म्हटलं, रोज. वस्तरा. सकाळी उठलं की माणसांच्या गळ्याशी.

बाईंची बोटं थांबली. “किती माणसं?”

“मोजतो कोण? लग्नाच्या दिवसांत तर बाहेर रांग लागायची.”

“आणि ती माणसं आता कुठे आहेत?”

मला जुनी गिऱ्हाइकं आठवून गलबलून आलं. म्हटलं, “बरीचशी गेली बिचारी. उरलेली माझा भाऊ बघतो.”

बाई उठून उभ्या राहिल्या, भिंतीला टेकल्या आणि त्यांनी घंटा दाबली. एक आडदांड रखवालदार आत आला आणि त्याने धरला कुणाचा दंड? आजींचा! त्या भेदरून माझ्याकडे पाहू लागल्या. मला काही कळेना. आपल्या दुभाषीला पकडून नेतात आणि आपण बसून राहायचं, हे काही बरं दिसत नाही, म्हणून मी उठून ओरडलो, “अहो, हिला का नेता? गळ्याशी वस्तरा धरणारा मी!” (भाचेसून म्हणते, हे वाक्य तरी मी गिळायला हवं होतं.) रखवालदाराने दुसऱ्या हाताने माझा दंड धरला, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि अचानक स्वतःच्या गुळगुळीत हनुवटीवर हात फिरवून मोठ्याने हसला. “बाई, हा आमचा न्हावी आहे हो!”

तेव्हा उलगडा झाला, म्हणजे त्यांना. मला जरा उशिराने. मला परवान्यासाठी बोलावलंच नव्हतं. लढाईतून जीव वाचवून आलेल्या या आजींची जबानी होती, आणि त्यांचा दुभाषी म्हणून बोलावलं होतं मला! त्यांचा देश आपल्यापासून दोन सरहद्दी पलीकडे, पण कचेरीत आम्हा सगळ्यांचं कपाट एकच, तेव्हा भाषाही एकच असणार असं त्यांनी धरलेलं. आजींच्या नावावर आता एक बसलेला धंदा, एक सासरा आणि गळ्यांची रांग जमा झाली होती. मी म्हटलं, खोडा ते. बाई म्हणाल्या, नियमाने दुभाष्यामार्फत लिहिलेलं दुभाष्यामार्फतच खोडता येतं. मी म्हटलं, पण मी दुभाषी नाही. त्या म्हणाल्या, हेही तुम्ही दुभाषी असाल तरच नोंदवता येईल. मामा, मी त्यांना तेच पुन्हा म्हणायला लावलं. म्हणता म्हणता बाई खाली बसल्या, त्यांनाही ते पुन्हा ऐकून चमत्कारिक वाटलं असावं. शेवटी म्हणाल्या, आजींची भाषा जाणणारा कुणी आणा, मग तुम्ही दोघे मिळून एक दुभाषी धरू.

सलूनमध्ये एक बस-ड्रायव्हर येतो. दाढीचा साबण लावला की डोळे मिटून गुणगुणतो. त्याचे शब्द आजींच्या बोलण्यासारखेच घशातून यायचे. त्याला विचारलं तर तो तोंडाला फेस तसाच ठेवून उठला. कचेरीत आजींसमोर तो दोन वाक्यं बोलला आणि त्या बाईमाणसाने जो हंबरडा फोडला, तो ऐकून चष्मेवाल्या बाईंनी चष्मा काढून ठेवला. घर जळलं, नवरा वाटेतच गेला, मुलगा ताटातूट होऊन दुसऱ्या शहरात पोचला. आणि नियम असा, की ज्या शहरात नोंद झाली ते सोडायचं नाही. म्हणून माय इथे, लेक तिथे. मग ड्रायव्हर माझ्याकडे वळला. “त्या म्हणतात, हे कोटवाले साहेब फार भले. पहिल्याच दिवशी मी विचारलं, मला मुलाकडे पाठवाल का? तर म्हणाले, हो हो.”

मामा, ते ‘हो हो’ माझंच. न कळता का होईना, शब्द दिला होता. मग मी हटून बसलो. दुकान बंद ठेवून रोज त्या कचेरीच्या दारात उभा राहिलो. ड्रायव्हर फेऱ्या बदलून यायचा, भाचेसून येऊन शेजारणीसाठी राखलेली भाषा मोठ्या साहेबांवर वापरायची. शेवटी जबानी दुरुस्त झाली आणि आजींना मुलाकडे जायची परवानगी मिळाली. ड्रायव्हरच्याच बसने त्या गेल्या. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटल्या. ड्रायव्हर गाडी सुरू करत होता, त्यामुळे अर्थ राहून गेला. या खेपेला मी ‘हो’ म्हटलं नाही, नुसती मान खाली घातली.

मामींना नमस्कार, लहानांना गोड पापा.

आपला भाचा

ता. क. परवान्याचं राहिलंच. जबानी दुरुस्त करताना कचेरीने माझी माहिती आजींच्या फायलीतून काढली खरी, पण आजींची माझ्या फायलीत घातली. काल आलेल्या परवान्यावर फोटो माझा आहे, मिशीसकट. खाली लिहिलंय, निराधार वृद्ध विधवा. तरी मी पुरुष असून माझं लग्न आपल्यासमक्ष झालं आहे, असा दाखला शाळेच्या शिक्क्यानिशी लिहून द्यावा, ही विनंती. ‘तुम्ही विधवा, तर मग मी तुमची कोण?’ असं भाचेसून मला सकाळपासून विचारते आहे.

आणखी एक. न्हाव्याला परवाना एका वर्षाचा मिळतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. भाचेसुनेने आत्ता वाचून सांगितलं, की विधवेला कायमचा मिळतो. तेव्हा दाखला लिहून ठेवा, पण मी कळवेपर्यंत टपालात टाकू नका.