तुझ्या तीन टिकल्या

मुलुंड (पूर्व),
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय पेट्रिशिया,

कशी आहेस गं? तुझ्या जेनिसची बारावीची परीक्षा सुरू झाली असेल. मरोळच्या घराचं छप्पर झालं का? मी बरी आहे. घसाही ठणठणीत, कारण काल दिवसभर गप्प होते. हस!

काल आपल्या घरकामगार संघटनेची बैठक होती, पुढच्या तीन वर्षांचा आराखडा ठरवायची. गंधाली या नव्या कार्यकर्तीनं मला आधीच बजावलं, "शुभाताई, आज भाषण नाही. तुम्ही फक्त चहा द्यायचा." मला!

भिंतीवर एकेका कामाचा कागद लावला होता, वाचता न येणाऱ्यांसाठी वर चित्र. प्रत्येकीला तीन लाल टिकल्या. जे काम आधी हवं, तिथे चिकटवायच्या. माझ्या लाडक्या प्रशिक्षण केंद्राला चार मिळाल्या, त्यातली एक माझीच. आणि 'कामाच्या घरी संडास वापरू द्या' हा कागद लालभडक झाला.

गोवंडीची लवूची आई म्हणाली, "मी आठ वर्षं दुपारपर्यंत पाणी पीत नाय."

न राहवून मी विचारलं, "मग मागच्या आराखड्याच्या वेळी का नाही बोललीस?"

"तुमी बोलायचं कुठं थांबलात, ताई?"

सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. मग पातेलं विसळायच्या निमित्ताने बाहेर जाऊन उभी राहिले.

मागच्या वेळी तू हेच मांडलं होतंस. वीस वर्षं लोकांच्या घरी स्वयंपाक तू केलास, मी नाही. तरी मी माईकवरून म्हणाले, "आपण क्रांती करायला बसलोय की संडास मोजायला?" टाळ्या पडल्या. तू खाली बसलीस. बैठकीच्या वहीत मी लिहिलं, 'आराखडा एकमताने मंजूर.' तुझा हात वर नव्हता, पेट्रिशिया. मी पाहिलं होतं. नंतर तू येईनाशी झालीस, तेव्हा सगळ्यांना सांगितलं, तिच्या घरी अडचण आहे. तीन वर्षं तेच सांगतेय.

अडचण मी होते.

आराखडा २ मार्चला, रविवारी पक्का होईल. तोवर कागद भिंतीवरच ठेवायला सांगितलेत. सोबत तीन टिकल्या पाठवतेय. तू टिकली लावत नाहीस, ठाऊक आहे मला. या तुझ्या हक्काच्या आहेत. कुठे लावायच्या ते तू ठरव. माझ्या कागदावर एकही नको.

नाही आलीस तरी वहीत या वेळी खरं लिहीन : एक जण गैरहजर, माझ्यामुळे.

चहा मीच देणार आहे.

तुझं ऐकायला थांबलेली,
शुभा