इराच्या तोंडी माझा आवाज

मी, सुप्रभा श्रीखंडे, वय त्रेसष्ट, राहणार वॉटफर्ड, इंग्लंड, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. कॅन्सर पोटात आहे, डोक्यात नाही. तसं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. सॉलिसिटरबाई म्हणाल्या, इंग्रजीत करा. मी म्हटलं, भाषांतर तुम्ही जोडा, भांडण मराठीतलं आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागात केलं होतं. हेही रागातच आहे, पण विचार करून.

१. घर माझी भाची आश्लेषा हिला द्यावं. बागेतलं सफरचंदाचं झाड तोडू नये. मृत्युपत्र अमलात आणण्याची जबाबदारीही तिचीच.

२. शिलाई मशीन आणि मोदकपात्र आमच्या मंडळाला. गणपतीत मंडळाने आश्लेषाच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, इरावतीला, 'जर्मनीची बालतारका' म्हणून स्टेजवर बसवलं, शाल दिली. त्या दिवशीचे एकशे चाळीस मोदक माझे. मला कुणी किचनमधून बाहेरसुद्धा बोलावलं नाही. मोदकपात्र देते, पण हे लक्षात ठेवून वापरा.

३. आता इरा. आमचा दोघींचा जन्म म्युनिकचा, बाबा तिथे इंजिनिअर. आठव्या वर्षी तिला सिनेमात घेतलं. दीपगृहात राहणाऱ्या अनाथ मुलीचं काम. शूटिंगमध्येच तिचे पुढचे दोन दात पडले आणि प्रत्येक वाक्यात शिट्टी वाजायला लागली. तिकडे आवाज मागाहून स्टुडिओत भरायचे. संवाद मीच तिच्याकडून पाठ करून घेतलेले, म्हणून अकरा वर्षांच्या मला माइकसमोर उभं केलं. पडद्यावर रडली ती, हुंदके माझे. लोकांना तो आवाज इतका आवडला की पुढच्या दोन सिनेमांतही मीच बोलले. पोस्टरवर तिचा चेहरा, माझं नाव कुठेच नाही. रस्त्यात बायका तिचे गाल ओढायच्या आणि मला म्हणायच्या, "तू जरा बाजूला हो गं, फोटो काढायचाय." इतका जळफळाट व्हायचा माझा! अजून होतो.

४. कबुली. १९८४ साली मी लग्न होऊन इथे आले होते. इराला मोठेपणी पहिल्यांदाच नायिकेचं काम मिळालं होतं. दिग्दर्शकाचा फोन आला: "तिचा आवाज चेहऱ्याला शोभत नाही, तुम्ही या." मी म्हटलं, माझा घसा कायमचा बसलाय. धडधडीत खोटं. सिनेमा पडला. पेपरांनी तिच्या आवाजाची टर उडवली. मग साबणाच्या जाहिराती, एका मालिकेत चार वाक्यांची नर्स, आणि शेवटी इकडे माझ्याजवळ येऊन एजवेअरच्या शाळेत मुलांची नाटकं बसवणं. त्या फोनचं मी तिला कधी सांगितलं नाही. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

५. इराला मी काहीही देत नाही. इथल्या कायद्यात साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही, आणि मला ती साक्षीदार म्हणून हवी आहे. आयुष्यभर सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. आता तिने समोर बसायचं आणि मी सही करताना माझ्याकडे पाहायचं.

६. सहीआधी हे सगळं इराने मोठ्याने वाचावं, तिच्या स्वतःच्या आवाजात. चौथ्या कलमानंतर ती उठून गेली तर सॉलिसिटरबाई दुसरा साक्षीदार आणतील. पण दर रविवारी एजवेअरहून वरण-भात घेऊन येणारी, केमोच्या वेळी माझा हात धरून बसणारी दुसरी बहीण मी कुठून आणू?

सही: सुप्रभा श्रीखंडे
वॉटफर्ड, रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

साक्षीदार १: अवधूत टिळेकर, शेजारी. माझ्यासमोर सही झाली. वाचन शेवटपर्यंत ऐकलं.

साक्षीदार २: इरावती टिपणीस, बहीण. माझ्यासमोर सही झाली. मी पाहत होते. फोनचं दिग्दर्शकाने मला त्याच आठवड्यात सांगितलं होतं, ताई.